‘सक्सीड’मध्ये दोन ‘सी’ का? : इंग्रजीतला ‘सब’ आणि आपला ‘उप’

भुईकोट

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण विषय गेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीये.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेजवळच्या एका खोलीत संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. फी घेत नाही. बहुतेक मुलं यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी वळणाऱ्या बायांच्या घरची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी. चार भाषांत भांडणारी आणि हसणारी ही मुलं पाचवी भाषा समोर आली की गप्प होतात. कारण एकच, स्पेलिंग.

मागच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीनं वही पुढे केली आणि म्हणाली, “सर, सक्सीडला दोन सी, सफरला दोन एफ, सजेस्टला दोन जी, सपोर्टला दोन पी. हे डबल-डबल कुणी ठरवलं?” मी शाळेत होतो तेव्हा हाच प्रश्न विचारल्यावर मला “पाठ कर” असं उत्तर मिळालं होतं. मी केलंही पाठ. पण तिला तेच सांगायला जीभ रेटेना.

फळ्यावर लिहिलं : उत् + चार. वर्गानं एका सुरात सांगितलं, उच्चार. उत् + लेख? उल्लेख. सत् + जन? सज्जन. व्यंजनसंधी त्यांना येतो, मराठीच्या पेपरात त्यावर गुण असतात. मग त्याच्या शेजारी इंग्रजी शब्द मांडले. मूळ उपसर्ग ‘सब’, अर्थ खाली, खालून, जवळ. त्यापुढे लॅटिन क्रियापद ‘फेर्रे’, म्हणजे वाहणे. सब + फेर = सफर. ‘ब’ पुढच्या ‘फ’मध्ये विरघळला आणि ‘फ’ दोन झाले, जसा ‘उत्’मधला ‘त्’ पुढच्या ‘च’मध्ये विरघळतो. सब + केदेरे (जाणे) मधून सक्सीड, सब + गेरेरे (आणणे, वाहणे) मधून सजेस्ट, सब + पोर्तारे (वाहून नेणे) मधून सपोर्ट, सब + प्रेमेरे (दाबणे) मधून सप्रेस. दुसरं अक्षर हे त्या गिळलेल्या ‘ब’ची जागा आहे. ते गाळलं तर उपसर्गच गाळला.

ती मुलगी म्हणाली, “म्हणजे हा संधीच आहे की!” हो, संधीच आहे.

आता अर्थाकडे. ‘सब’ म्हणजे नुसतं ‘खाली’ असं धरलं तर अर्धे शब्द उलगडत नाहीत. लॅटिनमध्ये त्यात ‘खालून वर’ ही हालचालही आहे. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं. सस्टेन (सब + तेनेरे, धरणे) तेच. सफर म्हणजे खाली उभं राहून भार अंगावर घेणं, म्हणून सोसणं. आपण नाही का म्हणत, अमक्यानं घराचा भार वाहिला? आणि गंमत म्हणजे ‘भार’ ज्या ‘भृ’ धातूपासून आला, तो आणि लॅटिन ‘फेर्रे’ हे सख्खे भाऊ आहेत. सस्पेक्ट म्हणजे खालून वर बघणं. मान खाली घालून, भुवयांखालून एखाद्यावर नजर ठेवतात ना, ती नजर. सजेस्ट म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्याच्या मनाखाली हळूच आणून ठेवणं. हे मला फार सुंदर वाटतं. हुकूम वरून येतो, सूचना खालून येते.

सब्सक्राइब तर मुलांच्या रोजच्या तोंडचा शब्द. ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणे. कागदाखाली नाव लिहायचं, म्हणजे सही करायची, म्हणजे मला हे मान्य आहे आणि ठरलेले पैसे देईन. त्यावरून वर्गणीदार. आपल्याकडेही अर्जात ‘खाली सही करणार’ असं लिहायची पद्धत होतीच.

पण ज्यासाठी धागा काढला ते आता सांगतो. लॅटिन ‘सब’, ग्रीक ‘हुपो’ आणि संस्कृत ‘उप’ हे तिन्ही एकाच मूळ रूपाची लेकरं आहेत. लॅटिनमध्ये पुढे ‘स’ लागला, ग्रीकमध्ये ‘ह’ लागला, संस्कृतात मूळ उघडं राहिलं. त्यांचाच जुळा म्हणजे लॅटिन ‘सुपर’, ग्रीक ‘हुपेर’ आणि संस्कृत ‘उपरि’. या ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ झालं आणि मराठीत ‘वर’. सुपरमार्केटमधला सुपर आणि माळ्यावरचा ‘वर’ नातेवाईक आहेत. इंग्रजीचे स्वतःचे ‘अप’ आणि ‘ओव्हर’ हेही त्याच घरातले.

मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीपुढे दबून राहायचं कारण नाही असं मला मनापासून वाटतं. अर्धी किल्ली त्यांच्या खिशात आधीच आहे. तुमच्याकडे असे ‘सब’चे शब्द असतील तर इथे टाका, मी मुलांपुढे मांडेन.

शेंगाचटणी

सर, एक नंबर. दोन शंका. सरनेम, सरप्लस, सरप्राइज यांतला ‘सर’ पण सबच का? आणि आपला सुभेदार? सब-हेदार?

भुईकोट

दोन्हींचं उत्तर नाही. सरनेम, सरप्लस, सरफेस, सरप्राइज, सर्व्हाइव्ह यांतला ‘सर’ म्हणजे ‘सुपर’. फ्रेंचमधून येताना झिजला. सरनेम म्हणजे नावावरचं नाव, सर्व्हाइव्ह म्हणजे संकटाच्या वर, पलीकडे जगणं. ओळखायची खूण : ‘सब’पासून आलेला असेल तर ‘आर’ दोन असतात. सरोगेट (सब + रोगारे, विचारणे : एकाच्या जागी दुसऱ्याला नेमणे) आणि सरेप्टिशस (सब + रापेरे, हिसकावणे : चोरून केलेलं). खूण सगळीकडे चालत नाही, सरेंडरमध्ये दोन ‘आर’ आहेत पण तो सुपर-कुळातला. तरी नववीच्या मुलांना पुरते.

सुभेदारातला सुभा अरबी ‘सूबा’, फारसीमार्गे आलेला. ‘सबब’ही अरबी. आणि साखर पेठेत बसून लिहितोय म्हणून सांगतो, शुगरमधला ‘सु’ सुद्धा ‘सब’ नाही. तो आपल्या ‘शर्करा’चा फारसी-अरबी वाटेनं युरोपात गेलेला अवतार.

होटगी रोड

लेख आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो. उपनिरीक्षक, उपविभाग, उपसमिती, वीज मंडळाचं उपकेंद्र हे शब्द सब-इन्स्पेक्टर, सब-डिव्हिजन, सब-कमिटी, सब-स्टेशनची भाषांतरं आहेत. भाषांतर करणाऱ्यानं ‘उप’ निवडला म्हणून नातं सिद्ध होत नाही. नुसता आवाज सारखा आणि अर्थ सारखा, एवढ्यावर लोक वाटेल ते जुळवतात. समाजमाध्यमांवर रोज कुठला ना कुठला इंग्रजी शब्द संस्कृतातून ‘चोरला’ असा मजकूर फिरत असतो. तुमचा धागा त्या रांगेत बसू नये म्हणून विचारतोय.

भुईकोट

आक्षेप योग्य आहे. त्यावर मी दोन दिवस विचार केला, म्हणून उत्तराला उशीर.

पहिली गोष्ट, कुणी कुणाकडून चोरलं नाही. लॅटिन संस्कृतातून निघालेली नाही आणि संस्कृत लॅटिनमधून नाही. कलकत्त्याला २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं होतं : संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं आहे की त्या कुठल्यातरी एका, कदाचित आता न उरलेल्या भाषेतून आल्या असाव्यात. बहिणी आहेत, आई-मुली नव्हेत.

दुसरी गोष्ट, पुरावा उपनिरीक्षकात नाहीच. तो अशा शब्दांत आहे जे कुणी भाषांतर करून घडवलेले नाहीत. उपनिषद घ्या. उप + नि + सद्, जवळ खाली बसणं. ‘सद्’चा लॅटिन भाऊ ‘सेदेरे’, इंग्रजी भाऊ ‘सिट’. आता सब + सेदेरे केलं की लॅटिनमध्ये ‘सुब्सिदियुम’ होतो. रोमन सैन्यात मागच्या फळीतले सैनिक बसून राहायचे आणि पुढची फळी खचली की मदतीला उठायचे. त्या राखीव मदतीला हा शब्द, आणि त्यातून सब्सिडी. उपनिषद आणि सब्सिडी! एक गुरूपाशी बसणं, दुसरं मदतीसाठी तयार बसणं. दोन भाषांनी तीच दोन माणकं घेतली आणि आपापल्या परीनं गुंफली.

किंवा उपस्थित आणि सब्स्टन्स. उप + स्था, सब + स्तारे. दोन्ही उपसर्ग भाऊ, दोन्ही धातू भाऊ. आपल्याकडे जवळ उभा असलेला तो उपस्थित. त्यांच्याकडे दिसणाऱ्या गोष्टीच्या खाली जे उभं असतं ते सब्स्टन्स, म्हणजे गाभा.

आणखी एक, माझं सगळ्यात आवडतं. सब्जुगेट, सब + युगुम. ‘युगुम’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. संस्कृत युग, मराठी जू, इंग्रजी योक, सगळे एक. इ.स.पू. ३२१ मध्ये सॅम्नाइट लोकांनी कॉडाइन खिंडीत रोमन फौज कोंडली आणि तिला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावलं. मारलं नाही, वाकवलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेत, जनावरांच्या बाजारात बैलाच्या मानेवरचा घट्टा ज्यानं हात लावून पाहिलाय, त्याला सब्जुगेट या शब्दाचा अर्थ कोश न उघडता कळेल.

आवाज सारखा म्हणून नातं असं नाही, तर तोच बदल शेकडो शब्दांत नेमानं दिसतो म्हणून नातं. तुम्ही टोकलंत ते बरं केलंत, मुलांना हा फरक सांगितलाच पाहिजे.

होटगी रोड

पटलं. उपनिषद-सब्सिडी वाचून थांबलो आणि पुन्हा वाचलं.

काळा कोट

कोर्टातले दोन माझ्याकडून. समन्स : सब + मोनेरे (बजावणे, आठवण देणे). मूळ अर्थ हळूच, आतल्या आवाजात बजावणे. आज बेलिफ घरी येऊन पुकारा करतो, तेव्हा हळूच काही राहिलेलं नसतं. दोन ‘एम’ तुमच्या नियमाप्रमाणेच. आणि सबपीना हा तर अख्खा लॅटिन शब्दप्रयोग, ‘सब पोएना’, दंडाच्या खाली. हुकुमाच्या सुरुवातीलाच हे शब्द असायचे, हजर राहा नाहीतर दंड. तेच हुकुमाचं नाव झालं. वीस वर्षं हे शब्द वापरतोय, आत कधी डोकावलो नव्हतो.

तांबडी माती

सप्लँट म्हणजे एखाद्याला हटवून त्याची जागा घेणं असं पेपरात वाचलेलं. आज बघितलं तर सब + प्लांता, प्लांता म्हणजे तळपाय. पायात पाय घालून समोरच्याला पाडणं. ही तर आपली टांग! लॅटिनवाले पण आखाड्यात उतरत होते म्हणायचं.

सातरस्ता

सब्जेक्ट राहिला. सब + याकेरे (फेकणे), पायाखाली टाकलेला. शाळेत तो ‘विषय’ असतो, पण इंग्रजी राज्यात आपले आजोबा-पणजोबा ‘ब्रिटिश सब्जेक्ट’ होते, म्हणजे प्रजा. सोलापुरात बसून हा शब्द नुसता व्याकरणाचा राहत नाही. मे १९३० मध्ये या गावानं काही दिवस का होईना ते ‘खाली’ असणं नाकारलं. पोलीस निघून गेले, मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिशन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. सप्रेस म्हणजे खाली दाबणं, हे तुम्ही वर लिहिलंत. मुलांना सांगताना हुतात्मा चौकातून एकदा घेऊन जा, सर. सब्जेक्ट आणि सप्रेस दोन्ही शब्द तिथे उभे राहून समजतील.

भुईकोट

नक्की नेईन. हे मला सुचायला हवं होतं.

डाळिंबवाला

आमच्या शेतावर ‘सब’ जमिनीखाली तीनशे फुटांवर आहे. सबमर्सिबल मोटर. तिचा अर्थ काय निघतो?

भुईकोट

सब + मेर्गेरे, बुडणे. बुडून काम करणारी. ‘मेर्गेरे’चा संस्कृत भाऊ ‘मज्ज्’, ज्यातून निमज्जन. उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते ‘सबमर्ज’ झालेलं देऊळ. आणि त्याच धातूला ‘बाहेर’चा उपसर्ग लावला की इमर्ज, म्हणजे पाण्यातून वर येणं. त्या एका देवळाला दोन्ही शब्द लागतात. इमर्जन्सीही तिथलीच, अचानक वर आलेली अडचण.

पांढरा डगला

मी परिचारिका आहे. ‘हुपो’ आणि ‘हुपेर’ वाचून इतकं बरं वाटलं. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर कमी, हायपर म्हणजे जास्त. नव्या मुली रात्रपाळीत या दोन शब्दांत गोंधळतात आणि तो गोंधळ परवडणारा नसतो. आता ‘हायपो म्हणजे उप, हायपर म्हणजे उपरि, वर’ असं सांगेन. विसरणारच नाहीत.

माझा शब्द सकर. (म्हणजे मदत, दोन सी.) सब + कुर्रेरे, धावणे. आपण मदतीला ‘धावून जातो’, अगदी तसंच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये युद्धात जखमी झालेल्यांसाठी चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, जेमतेम बत्तीस वर्षांचे. त्यांच्या घराचं स्मारक झालंय, तिथून जाताना मला आता हा शब्द आठवेल.

विणकराची लेक

मी पूर्व भागातलीच, पद्मशाली. सर, तुमच्या वर्गातल्या मुलांना सांगा, ‘उप’ त्यांच्या घरच्या भाषेतही आहे. तेलुगूत शिक्षकाला उपाध्यायुडु म्हणतात. पण एक फसवा ‘उप’ पण सांगा : सकाळचं उप्पीट! कन्नड उप्पिट्टू, उप्पु म्हणजे मीठ, हिट्टू म्हणजे पीठ. त्याचा संस्कृत ‘उप’शी काही संबंध नाही, आणि कवितेतल्या उपमेशी तर मुळीच नाही.

आता माझा प्रश्न. सटल या शब्दात ‘बी’ कशाला आहे? बोलत तर नाही कुणी.

भुईकोट

ताई, हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता, आणि तो तुम्हीच विचारावा याचा आनंद झाला.

फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यातला ‘ब’ गेलेला होता. पुढे लॅटिनचे जाणकार लोक लिहिताना ‘बी’ परत घालू लागले, मूळ ‘सुब्तीलिस’ दिसावा म्हणून. उच्चार मात्र बदलला नाही. डेट (कर्ज) आणि डाउट यांतले मुके ‘बी’ असेच परत आणलेले.

आणि सुब्तीलिस कोशांत असा फोडतात : सब + तेला. तेला म्हणजे मागावरचं विणकाम, ताणा (मागावर ताणलेले उभे धागे; आडवा धागा तो बाणा). ताण्याच्या खालून जाणारा सर्वांत बारीक धागा, तो सुब्तीलिस. त्यावरून बारीक, नाजूक, चटकन नजरेत न भरणारं. ‘तेला’ ज्या ‘तेक्सेरे’ (विणणे) पासून आला, त्यातूनच टेक्स्टाइल, आणि टेक्स्टही. म्हणजे लिहिलेला मजकूर हे विणलेलं कापड. त्या धातूचा संस्कृत भाऊ ‘तक्ष्’, सुताराचं घडवणं.

मराठीत सटलला सूक्ष्म म्हणतात, तरल म्हणतात. मला वाटतं ‘तलम’ सगळ्यात जवळचा, तोही कापडातूनच आलाय.

विणकराची लेक

सर, तुमचं हे उत्तर रात्री नानांना वाचून दाखवलं. त्यांनी चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढली, आता ऐकू कमी येतं म्हणून दोनदा वाचलं. ते म्हणाले, “बाणा ताण्याच्या खालूनच जातो, एकदा खालून, एकदा वरून. वरून गेलेला सगळ्यांना दिसतो.” मग कपाटातून त्यांनी स्वतः विणलेली एक जुनी चादर काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूनं बोट फिरवून मला नक्षीचा धागा कुठून खाली जातो ते दाखवलं. मी या घरात जन्मले, पण चादरीची उलटी बाजू अशी कधी पाहिली नव्हती.

ते विचारतायत, मंगळवारी चादर घेऊन वर्गात आले तर चालेल का.

भुईकोट

सहा वाजता. मी स्वतः घ्यायला येतो त्यांना.